जिवाला जीव देणारा

शशिकांतराव उकिडव्यांना कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते "प्लॅस्टिकमध्ये असतो" एवढंच सांगायचे. ऐकणारा मग पुढं काही विचारायचा नाही, आणि तेच त्यांना बरं वाटायचं. पुण्याला मेकॅनिकल इंजिनियर झाले, भोसरीत उमेदवारी केली, आणि बायको-मुलीला घेऊन ऑकलंडला आले. विरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीवर लागले ते लागलेच. कारखाना दह्याचे आणि आइस्क्रीमचे डबे बनवायचा. शशिकांतरावांचं काम ते डबे बघण्याचं. कडा सारखी आहे का, झाकण बसतं का, तळाला केसाएवढी तरी चीर आहे का.

त्यांच्या टेबलावर तीन ट्रे असत. पास, रिजेक्ट आणि होल्ड. ज्या डब्याबद्दल मन एकदम हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तो होल्डमध्ये. त्यावर नारिंगी स्टिकर लागायचा. नव्यानं आलेल्यांना शशिकांतराव एकच गोष्ट बजावून सांगत. "होल्ड म्हणजे निर्णय नव्हे. ज्यानं स्टिकर लावला, त्यानं घरी जायच्या आत डबा परत हातात घ्यायचा आणि काय ते ठरवायचं. दुसऱ्याच्या गळ्यात घालून जायचं नाही."

मनुरेवातलं त्यांचं घर साधंच होतं, पुढं लिंबाचं झाड, मागं एक सुटी खोली. इकडे तिला स्लीपआउट म्हणतात. पत्नी मृदुला बालवाडीत शिकवायची. मुलगी इरावती नोकरीला लागून वेलिंग्टनला गेली, जॉन्सनव्हिलला घर घेऊन राहिली, आणि आईच्या मराठी प्रश्नांना फोनवर इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हाच कधीतरी मृदुलाताईंच्या ओळखीच्या ओळखीतून धैर्यशील आला.

तो कराडकडचा. हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला आलेला, उंच, हसरा, आणि भूक लागली की सरळ "काकू, काय आहे?" म्हणून विचारणारा. मागच्या खोलीत तो भाड्यानं राहिला खरा, पण जेवायला पुढच्या घरात. रविवारी लॉन कापायचा, मृदुलाताईंना गाडीतून सँडरिंगहॅमला वाणसामानाला न्यायचा, शशिकांतरावांबरोबर क्रिकेट बघत बसायचा. डिप्लोमा झाला, रेसिडेन्सी झाली, लग्न झालं, तो स्वरदाला घेऊन पापाटोएटोएला वेगळा राहायला गेला, तरी रविवार चुकला नाही. शशिकांतराव कधी बोलून दाखवत नसत, पण शनिवारी रात्रीच ते फ्रिजमध्ये ताक आहे ना, बघून ठेवत. धैर्यशीलला जेवणाबरोबर ताक लागायचं.

पोटापाण्याला तो एका डेअरीत काम करायचा. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, इकडे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. त्या वर्षी हिवाळ्यात डेअऱ्या लुटण्याची लाटच आली होती. सिगारेटी महाग झाल्या होत्या, त्यामुळे चोर गल्ल्यापेक्षा सिगारेटींच्या कपाटावर तुटून पडायचे. एका संध्याकाळी तिघं जण तोंडं बांधून धैर्यशीलच्या दुकानात शिरले. एकाच्या हातात हातोडा होता. धैर्यशीलनं आडवा हात घातला आणि मनगट मोडून घेतलं.

दवाखान्यातून त्याला आणायला शशिकांतराव गेले. परतताना गाडीत तो काचेबाहेर बघत होता. मग म्हणाला, "काका, इथं पिस्तूल कसं मिळतं हो?"

"कशाला?"

"काउंटरखाली ठेवायला. नाहीतर असं जॅकेटच्या आत. पुढच्या वेळी एकाला तरी आडवा करतो की नाही बघा."

शशिकांतरावांनी गाडी बाजूला घेतली. "मूर्खासारखं बोलू नकोस. ही अमेरिका नाही. स्वतःच्या बचावासाठी बंदूक हे कारण इथं चालतच नाही. अर्जात तसं नुसतं म्हणालास तरी अर्ज गेला. पिस्तूल फक्त क्लबात निशाणेबाजी करणाऱ्यांना, तेही कुलपात घालून न्यायचं नि आणायचं. खिशात घालून हिंडायचं लायसन्स या देशात सामान्य माणसाला मिळत नाही."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"मागं कारखान्यातल्या एकाला हवं होतं. त्यानं सगळं वाचायला लावलं होतं. आणि ऐक, हे वाक्य परत तोंडातून काढायचं नाही. माझ्यासमोर नाही, कुणासमोरच नाही."

"नाही काढत," धैर्यशील म्हणाला, आणि प्लॅस्टरच्या हाताकडे बघून लहान मुलासारखा रडला. शशिकांतराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, पण हात उचलला नाही.

मनगट जुळलं. धैर्यशील डेअरी सोडून पेट्रोल पंपावर लागला. दाराची घंटी वाजली की अजून दचकतो, असं स्वरदा सांगायची. मग पुढच्याच्या पुढच्या वर्षी त्याला हेमी भेटला. हेमी माओरी होता, दक्षिणेला 'ते कुइती' नावाचं गाव आहे त्या बाजूला डोंगरात रानबकऱ्या आणि पोसम मारण्याची कंत्राटं घ्यायचा. पोसम म्हणजे इथली झाडं खाऊन टाकणारा मांजराएवढा प्राणी. पंपावर पेट्रोल भरता भरता त्याची आणि धैर्यशीलची दोस्ती जमली. दोन-तीनदा तो त्याच्याबरोबर डोंगरात जाऊन आला, पोसमचे सापळे लावून आला, आणि आला तो वेगळाच माणूस होऊन. ऊन लागलेला, झोप झालेला.

"काका, तिकडं घंटी नाही," तो म्हणाला. "दारच नाही तर घंटी कुठनं येणार! हेमी म्हणतोय, कायमचा ये. राहायला घर देतो. फक्त फायरआर्म्स लायसन्स काढ, मग रायफल हातात देतो."

"स्वरदा काय म्हणते?"

"ती म्हणते, तिथं दुकान कुठंय, शेजार कुठंय. पण मला झोप लागते हे तिला दिसतंय ना. येईल ती." मग जरा खाकरून म्हणाला, "काका, माझे रेफरी व्हाल का?"

"कसली मॅच आहे?" मृदुलाताई आतून ओरडल्या.

"मॅच नाही हो काकू! दोन माणसं द्यावी लागतात. एक घरचं, म्हणजे स्वरदा. आणि एक नात्यातलं नसलेलं, पण चांगलं ओळखणारं. पोलिसांकडनं माणूस घरी येतो नि विचारतो, हा इसम फिट अँड प्रॉपर आहे का."

"आमच्या बाबांनी लग्नाच्या वेळी ह्यांची अशीच चौकशी केली होती," मृदुलाताई म्हणाल्या. "भोसरीच्या साहेबांना जाऊन भेटले होते. फिट आहेत म्हणाले, प्रॉपरचं काही बोलले नाहीत."

धैर्यशील खो खो हसला. शशिकांतरावही हसले आणि "होईन की" म्हणाले. पण त्या दिवशी तो गेल्यावर ते लिंबाखाली उगीचच रेंगाळले. ते कुइती काही परदेशात नव्हतं. तरी रविवारी सकाळी उठून ताक प्यायला यावं इतकं जवळही नव्हतं.

चौकशीला आल्या त्या मिसेस पार्किन. निवृत्त शाळामास्तरीण, आता पोलिसांसाठी ही चौकशीची कामं करणाऱ्या, पांढरे आखूड केस, हातात फाइल. आधी धैर्यशीलच्या घरी जाऊन, त्याच्याशी आणि स्वरदाशी बोलून, बंदूक ठेवायचं कपाट-कुलूप बघून त्या इकडे आल्या होत्या. मृदुलाताईंनी चहा आणि चकल्या ठेवल्या. बाईंनी एक चकली मोडली, "चविष्ट आहे" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

प्रश्न सरळ होते. किती वर्षं ओळखता? पितो का? किती पितो? बायकोशी कसा वागतो? तुमच्या नात्यातला आहे का, तो तर तुम्हाला अंकल म्हणतो?

"आमच्याकडे सगळेच अंकल असतात," शशिकांतराव म्हणाले. बाई हसल्या.

एकेक प्रश्न पास होत गेला. खोटं सांगावं लागत नव्हतं. मुलगा चांगलाच होता. शशिकांतरावांना उत्साह आला. नुसतं "चांगला आहे" यानं त्यांचं समाधान होईना. इंग्रजीत गुड बॉय कुणालाही म्हणतात, कुत्र्यालाही म्हणतात. एकदा मृदुलाताई तापानं फणफणल्या असताना हा मुलगा रात्रभर बाहेरच्या सोफ्यावर बसून होता. ते कसं सांगायचं? त्यांच्या मनात मराठी शब्द तयार होता, आणि त्यांनी तो जसाच्या तसा उचलून इंग्रजीत ठेवला.

"ही गिव्ह्ज लाइफ फॉर लाइफ," ते म्हणाले. जिवाला जीव देणारा.

मिसेस पार्किन यांचं पेन थांबलं.

"अ लाइफ फॉर अ लाइफ?" त्यांनी सावकाश विचारलं.

आणि तेव्हा शशिकांतरावांना ते वाक्य बाईंच्या कानांनी ऐकू आलं. इंग्रजीत त्याचा अर्थ जीव ओवाळून टाकणं असा होत नाही. जिवाच्या बदल्यात जीव, रक्ताच्या बदल्यात रक्त, असा होतो. बंदुकीच्या लायसन्सच्या चौकशीत तर दुसरा कुठलाच होत नाही. एका वाक्यात ते सावरता आलं असतं. नाही नाही, मित्रासाठी प्राण देईल असं म्हणायचंय मला, आमच्या भाषेतली म्हण आहे. वाक्य जिभेवर आलंही होतं.

पण त्याच वेळी त्यांना ती गाडी आठवली, प्लॅस्टरचा हात आठवला. एकाला तरी आडवा करतो. हे आपण सांगायला नको का? उद्या काही झालं तर? आणि त्याच्या मागोमाग, अगदी पायात मांजर यावी तसं, आणखी काहीतरी आलं. अर्ज अडकला तर तो जाणार नाही. रविवारी येत राहील.

"तो तसा आहे," शशिकांतराव म्हणाले.

बाईंनी काहीतरी लिहिलं. "दुकानावर हल्ला झाला होता, त्याबद्दल त्यानं मला सांगितलं. त्या वेळी बंदूक हवी असं काही तो बोलल्याचं तुम्हाला आठवतं?"

"ते तुम्ही त्यालाच विचारलेलं बरं."

"त्याला विचारलंय. मी तुम्हाला विचारतेय, मिस्टर उकिडवे."

"मला आठवत नाही," शशिकांतराव म्हणाले.

बाई उठल्या, चहाबद्दल आभार मानून गेल्या. मृदुलाताईंनी बशा उचलल्या. उरलेल्या चकल्या डब्यात घालता घालता म्हणाल्या, "लाइफ फॉर लाइफ काय हो? त्या बाईचा चेहरा कसा झाला!"

"समजलं असेल तिला," शशिकांतराव म्हणाले आणि लॉन कापायला गेले. लॉन आदल्याच रविवारी धैर्यशीलनं कापलं होतं.

पुढचे काही आठवडे कारखान्यात त्यांचा होल्डचा ट्रे भरलेला राहू लागला. चांगले डबे त्यांच्या हातात संशयित होत. सुपरवायझर म्हणाला, शशी, आर यू ओके? ते ओके म्हणाले. मनाशी मात्र ते दोन बाजूंनी भांडत. आपण खोटं कुठं बोललो? आठवत नाही म्हणालो, ते त्याच्याच भल्यासाठी. आणि ते वाक्य? ते तर कौतुक होतं. मग छातीत दगड का बसलाय? उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून भांडायला सुरुवात करत.

एका रविवारी धैर्यशील आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो एकटाच, आणि ताकाचा पेला समोर तसाच ठेवून बसला.

"अर्ज अडकलाय. ती बाई परत आली होती," तो म्हणाला. "मला विचारते, तुझा अ लाइफ फॉर अ लाइफवर विश्वास आहे का. काका, मी चाटच पडलो! असं कोण विचारतं? कुणीतरी तिच्या कानावर घातल्याशिवाय?"

शशिकांतरावांनी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार! नाही म्हणालो. पण तिला पटलं नाही. काका, ती दोनच माणसांशी बोललीय. तुम्ही आणि स्वरदा. तुम्ही तर बोलणार नाही." हे त्यानं पेल्याकडे बघत, अगदी सहज सांगितलं, आज रविवार आहे असं सांगावं तसं. "म्हणजे स्वरदाच. तिला यायचंच नव्हतं तिकडं. चेष्टेत म्हणायची ना, पोलीसबाईला सांगते तू घोरतोस म्हणून. घोरण्यावर थांबली नाही ती. सूड घेणारा नवरा आहे म्हणून सांगितलं असणार."

"अरे, तिला विचारलंस का?"

"विचारलं. नाही म्हणते. रडते. आठ दिवस झाले, आम्ही बोलत नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शशिकांतरावांनी तोंड उघडलंही, पण त्यातून निघालं ते "ताक घे." धैर्यशीलनं ते एका घोटात संपवलं आणि तो गेला.

दोन दिवसांनी संध्याकाळी स्वरदा आली. मृदुलाताईंच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती रडली. "काकू, मी काय वाईट सांगेन का हो? मी त्या बाईंना सांगितलं की तिकडे जाऊन आल्यापासून हा रात्रीचा उठून दार बघत नाही. मला तिथं करमणार नाही, पण ह्याला झोप लागते, म्हणून मी जाईन, असंही सांगितलं. आणि हा म्हणतो, तू माझा घात केलास. असंच चाललं तर मी पुण्याला आईकडे जाते."

बाहेरच्या खोलीत शशिकांतराव टीव्हीसमोर बसून होते. टीव्ही बंद होता.

स्वरदाला गाडीपर्यंत पोचवून मृदुलाताई आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "अहो, मी काही बोलले नाही इतके दिवस. म्हटलं, ह्यांचं इंग्रजी घसरलं असेल. पण तुमचं इंग्रजी घसरत नाही. मी पडद्यामागून तुमचा चेहरा बघितला होता. तुम्ही थांबला होतात."

"मृदुला..."

"मला कारण नका सांगू. मला माहीत आहे. मलाही तो जायला नको आहे. पण म्हणून दुसऱ्याच्या बायकोच्या गळ्यात? तुम्ही सांगताय की मी सांगू?"

शशिकांतराव उठले, गाडीची किल्ली घेतली.

धैर्यशीलच्या घरी दोघंही होते. तो बाहेरच्या खोलीत, ती आत. शशिकांतरावांनी बूट काढले नाहीत, दारातच उभे राहिले. "स्वरदाला बाहेर बोलाव," ते म्हणाले. ती आली. मग त्यांनी सांगितलं. "ते वाक्य माझं आहे. मला म्हणायचं होतं, जिवाला जीव देणारा. मी त्याचं इंग्रजी केलं."

धैर्यशीलला समजायला जरा वेळ लागला. जिवाला, जीव. लाइफ फॉर लाइफ. मग तो असा हसला की खुर्चीचा पाय करकरला. "काका! अहो काका! रक्ताला रक्त करून टाकलं की माझं! त्या बाईला वाटलं असेल मी कुणी दरोडेखोर!" तो उठून शशिकांतरावांच्या गळ्यातच पडला. मग वळून बायकोला म्हणाला, "सॉरी गं. चुकलो. गाढव आहे मी." स्वरदा "ठीक आहे" म्हणाली. ती हसली नाही. ती शशिकांतरावांकडे बघत होती.

अजून अर्धं सांगायचं राहिलं होतं. त्या पेन थांबलेल्या क्षणाचं, आणि "आठवत नाही"चं. पण गळ्यात पडलेल्या माणसाला ते कसं सांगणार? शशिकांतराव त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. त्या दिवशी गाडीत न उचललेला हात आज उचलला होता, आणि तो त्यांना परक्याचा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात सुट्टी टाकली आणि मिसेस पार्किनना फोन करून भेटायची वेळ मागितली. बाईंनी पोलीस ठाण्यातल्या एका छोट्या खोलीत त्यांना बसवलं. शशिकांतरावांनी आधी म्हणीचा अर्थ सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मला चुकीचं समजलं ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"आणखी एक गोष्ट आहे," शशिकांतराव म्हणाले. "तुम्ही बंदुकीबद्दल विचारलंत. मी आठवत नाही म्हणालो. मला आठवतं. दवाखान्यातून येताना तो म्हणाला होता, पिस्तूल हवं. एकदाच. हात मोडलेला होता, घाबरलेला होता. मी रागावलो. त्यानंतर कधीही नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण तो म्हणाला होता, हे खरं आहे." एवढं बोलून त्यांना वाटलं, झालं, आपण आपल्याच हातानं पोराचा अर्ज बुडवला. पण निदान यात कुठं स्टिकर लावलेला नाही.

मिसेस पार्किननी चष्मा काढला. "मिस्टर उकिडवे, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी विचारायच्या आधी. म्हणाला, एकदा असं बोललो होतो, माझ्या अंकलनी गाडी थांबवून मला झापलं, आणि ते बरोबर होते. म्हणाला, त्यांना विचारा, त्यांना आठवत असेल."

खोलीत घड्याळ होतं की नव्हतं, शशिकांतरावांना नंतर आठवेना. आवाज मात्र कसला तरी येत होता.

"म्हणून मी तुम्हाला विचारलं," बाई पुढं म्हणाल्या. "तुम्ही तेवढं हो म्हणाला असतात तर माझं काम त्याच दिवशी झालं असतं. स्वतःच्या तोंडानं अशी गोष्ट सांगणाऱ्या माणसाची मला काळजी वाटत नाही. पण तुम्ही आठवत नाही म्हणालात, आणि वर ते दुसरं वाक्य. मला कळेना, दोघांपैकी कोण काय लपवतंय. सगळ्यात जवळचा माणूस काही लपवतोय म्हटल्यावर मी पुढं कशी जाणार?"

"लपवत मी होतो," शशिकांतराव म्हणाले. "त्याचं काही नाही. मला तो जायला नको होता."

बाईंनी हे लिहून घेतलं नाही. नुसतं म्हणाल्या, "माझा मुलगा पर्थला असतो." आणि त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या.

लायसन्स आलं तेव्हा लिंबाला फुलं आली होती. धैर्यशीलनं ते लहानसं कार्ड आणून मृदुलाताईंच्या हातावर ठेवलं आणि दोघांना वाकून नमस्कार केला. मृदुलाताईंनी "सांभाळून रे" म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हेमीनं त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती.

निघायच्या दिवशी हेमी स्वतःच आपला ट्रक घेऊन आला, आणि पापाटोएटोएचं सामान भरून तिघं निरोप घ्यायला मनुरेवाला थांबले. "किया ओरा, अंकल!" असा माओरी नमस्कार करत त्यानं हात पुढं केला. धैर्यशीलनं त्याला वाटेतच ती गोष्ट सांगितली असावी, कारण हात सोडायच्या आधीच तो म्हणाला, "सो यू आर द लाइफ फॉर अ लाइफ मॅन!" आणि गडगडाटी हसला. ती गोष्ट एव्हाना सगळीकडे झाली होती. गणपतीत मंडळाच्या जेवणावेळी धैर्यशीलनं ती दोनदा सांगितली होती, इरावतीपर्यंतही ती फोनवरून पोचली होती. "बाबा, दॅट इज सो यू," ती म्हणाली होती. प्रत्येक वेळी शशिकांतराव हसत. प्रत्येक वेळी धैर्यशील शेवटी म्हणे, "पण मनात काय होतं बघा काकांच्या! जिवाला जीव देणारा म्हणाले मला!"

धैर्यशील आणि हेमी दोरी आवळायला ट्रकच्या मागं गेले. स्वरदा मृदुलाताईंनी दिलेल्या भांड्यांचं खोकं घेऊन लिंबाखाली उभी होती. शशिकांतराव ते घ्यायला पुढं झाले, पण तिनं खोकं सोडलं नाही. दोघांचेही हात त्याच्याखाली होते.

"काका, एक विचारू?" ती हळू म्हणाली. "त्या बाईंनी विचारलं तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं, इंग्रजीत त्याचा काय अर्थ होतो ते?"

ट्रकच्या मागून हसण्याचा आवाज आला. "स्वीट ॲज!" हेमी ओरडला, म्हणजे इकडच्या बोलीत एकदम झकास.

"कळलं होतं," शशिकांतराव म्हणाले.

"मला वाटलंच." तिनं एकदा ट्रककडे बघितलं. "मी त्याला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. त्याचे वडील लहानपणीच गेले. तुम्ही एकच आहात त्याला."

"स्वरदा, मी..."

"असू दे." तिनं आता खोकं त्यांच्या हातात दिलं. जड होतं. मग पदर सारखा करावा तशी जॅकेटची चेन वर ओढून ती म्हणाली, "तिकडं राहायचं तर मलाही शिकावं लागेल, हेमीची बायको म्हणते. पुढच्या वर्षी मीही लायसन्सचा अर्ज करणार आहे." आणि मग पहिल्यांदाच ती हसली, पण डोळ्यांनी नाही. "रेफरी म्हणून काकूंचं नाव देईन हं."

ती ट्रककडे गेली. शशिकांतराव खोकं घेऊन तिच्या मागून निघाले. आतली भांडी वाजू नयेत म्हणून ते जपून, एकेक पाऊल टाकत चालत होते.